धाकट्याची रेघ

कोण पाहत आहे?

टीव्हीवर चार चौकोन. मी, नवरा, आई, धाकटा भाऊ. धाकट्याच्या चौकोनात त्यानेच निवडलेलं माकड. भाऊ घर सोडून गेला, माकड राहिलं.

पाहणे सुरू ठेवा

त्याची मालिका: पाणबुडीत अडकलेली माणसं. चित्राखाली लाल रेघ, जेवढं पाहून झालं तेवढी लांब. धाकट्याची नोकरी गेली, माझ्या नवऱ्याशी बोलाचाली झाली, "मला शोधू नका" म्हणाला आणि गेला. फोन बंद. पण रेघ सरकते. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता मी मोबाइलवर रेघ बघून घेते. सरकलीय. म्हणजे जेवला असेल. म्हणजे डोक्यावर छप्पर असेल. म्हणजे

म्हणून तर पोलिसात गेलो नाही. निवांत मालिका बघणारा माणूस हरवलेला कसा?

आपले खाते एकाच घरासाठी आहे

कंपनीची ही ओळ नवऱ्याने मोठ्याने वाचली. तो बसमध्ये तिकिटं तपासतो. फुकट्यांचा त्याला जन्माचा राग.

"एका छपराखाली राहतात ते घर. आपण आजवर चोरीच करत होतो."

"माझा भाऊ आहे तो."

"बसमध्येही प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊच असतो."

"जावईबापू," आई म्हणाली, "नऊ महिने पोटात फुकट राहिला, त्याचंही तिकीट फाडा."

तो हसला नाही. बराच वेळ रिमोट फिरवत बसला.

"त्याचं तोडू या," म्हणाला. "चिडेल. फोन करेल. मला शिव्या घालायला का होईना, करेल."

इतके दिवस मला हे सुचलं कसं नाही!

"नको गं," आई म्हणाली. "राहू दे त्याचं तेवढं."

मी ऐकलं नाही.

घराबाहेरची सर्व उपकरणे बंद करायची?

हो.

पासवर्डही बदलला. फोन मांडीवर घेऊन बसले. वाजला. गिऱ्हाईक होतं, चष्म्याची दांडी मोडली म्हणून. मी त्याच्यावरच ओरडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात, रेघ सरकली.

बाहेरचं सगळं बंद. तरी सरकली. म्हणजे तो घरी आलाय! समोरच्या आजोबांच्या एकाच कानावर चष्मा लटकत ठेवून मी पळत सुटले. दारात त्याच्या चपला शोधल्या. नव्हत्या. चपला आत घेऊन गेला असेल. तसाही वेंधळाच

आत आई. एकटी. पडद्यावर पाणबुडीत पाणी चढत होतं.

"तो कुठंय?"

तिने रिमोट पदराखाली लपवला. चोरून खाताना पकडलेली पोर खाऊ लपवते तसा.

"मीच लावते गं. त्याच्या माकडावरून. तो थांबला होता तिथून पुढे. म्हटलं, आला की सांगेन त्याला पुढचं."

"कधीपासून?"

"तो गेला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि मी रोज सांगायचे, सरकलीय म्हणून, तेव्हा?"

"तू हसायचीस," आई म्हणाली. "तेवढीच हसायचीस."

मी जेवत होते. झोपत होते. कुणीच त्याला शोधत नव्हतं. कुणीच

नवऱ्याला फोन लावला. मागे बसचा खडखडाट.

"पोलिसात जायचंय."

"का? काय झालं?"

"रेघ आईची होती."

खडखडाट. मग त्याचा आवाज, ड्रायव्हरला: "थांबव. मला उतरू दे."

मी फोटो शोधायला घेतला. प्रत्येक फोटोत धाकटा तोंड वेडंवाकडं करून उभा. आई रेघ मागे ओढत होती. पाणी उतरत होतं, माणसं उलटी चालत होती.

"इथे थांबला होता बहुतेक. नाही. अजून मागे. पोलीस विचारतील ना, कुठवर आला होता?"

नवरा धापा टाकत आला. फोटो घेतला, खिशात घातला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"पासवर्ड परत जुना कर."

"तूच म्हणालास ना, चोरी"

"त्याने लावून बघितलं तर? कर म्हणतोय ना!"

जुना पासवर्ड धाकट्यानेच ठरवलेला. बोटांना पाठ होता. टाकला.

हा पासवर्ड आधी वापरला आहे. नवीन निवडा

"परत टाक," नवरा म्हणाला.

परत टाकला.

"परत," आई म्हणाली.