टेम्पलिनच्या किकरचं जादा पाऊल

गुरुवारी सकाळी सहाला लोर्नाच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलाला चारच खुर्च्या असतात. पाचवी लावायची नाही, हा नियम माझ्या जन्माच्या आधीचा. तिथे बसून शनिवारी आमच्या कॉलेजशी अमेरिकन फुटबॉल खेळायला येणाऱ्या संघाची हाडं मोजली जातात. प्रत्येकाचं एक खातं, मंत्र्यांसारखं. एकतीस वर्षं आमच्या शाळेची बस चालवलेल्या बर्निस कॅडीबाईंकडे समोरच्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या. धान्याच्या कोठारावरच्या रॉस्कोकाकांकडे पुढची फळी. दातांचे डॉक्टर एल्डन यांच्याकडे बचाव. चौथी खुर्ची लाथांची, म्हणजे चेंडूला पाय लावणाऱ्या सगळ्यांची. ती हार्लनची होती. हार्लन ऑगस्टमध्ये गुडघे सांभाळत लेकीकडे अ‍ॅरिझोनाला गेला आणि मी, जोझी वर्ब्का, वय सोळा, त्याच दिवशी ठरवलं की ती खुर्ची माझी.

गेल्या वर्षीची मी असते तर ठरवून गप्प बसले असते. पण उन्हाळाभर कॉलेजच्या मैदानावर चेंडू गोळा करायचं काम केलं, रोज शंभर वेळा "डोकं सांभाळा!" म्हणून ओरडले, आणि एकदा जो आवाज सापडला तो सापडलाच. आई म्हणते, हिला बंद करायचं बटण कुठे असतं?

टेम्पलिनचे गवे सहापैकी सहा सामने जिंकून आमच्याकडे येत होते. आमचे सारस सहापैकी पाच. मी दप्तर पाठीला लावून रिकाम्या खुर्चीमागे उभी होते. कोणी 'बस' म्हटल्याशिवाय बसायचं नसतं.

"त्यांचा क्वार्टरबॅक उजवीकडे पळताना देव आहे देव," कॅडीबाईंनी अंडं फोडत सुरुवात केली. "पन्नास यार्डांवरून बशीत चेंडू टाकेल. पण डावीकडे रेटा त्याला. अकरा वेळा फेकलाय, आठ वेळा गवतात."

"गवत चांगलं झेलतं का?" रॉस्कोकाका म्हणाले.

"तू झेलायचास त्यापेक्षा बरं."

"हा हा. माझं ऐका. त्यांचा एकाहत्तर नंबर म्हणजे माणूस नाही, गोठ्याचं फाटक आहे. पण दुसऱ्या अर्ध्यात कंबरेवर हात ठेवून उभा राहतो. दमतं फाटक."

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. "बचावात खोट नाही. चारदा बघितलं."

"एकही किडका दात नाही असं तोंड असतं का रे, एल्डन?" रॉस्कोकाकांनी डिवचलं.

"असतं. शनिवारी येतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाथांचं माझा मेहुणा बघेल. ओमाहाहून इथेच राहायला आलाय."

"तुझ्या मेहुण्याला पंट आणि पॅनकेक यातला फरक कळतो का?" कॅडीबाई म्हणाल्या. "पोरगी वही घेऊन आलीय. बोल गं."

मी बोलले. आई शप्पथ, श्वास न घेता बोलले. गव्यांची चाल फसली की चेंडू लांब उडवून द्यायला, म्हणजे पंट मारायला, त्यांचा तो लांबड्या पायांचा किकर येतो. त्याच्या या वर्षीच्या एकतीस लाथा मी घड्याळ लावून मोजल्या होत्या. चेंडू हातात आल्यापासून पायाला लागेपर्यंत चांगल्या माणसाला सव्वा सेकंद लागतो. याला पावणेदोन! कारण दोन पावलांत उडवायचं ते हा तीन पावलांत उडवतो. तेवढ्या वेळात आपली पोरं धावत जाऊन चेंडूला हात लावून लाथ अडवू शकतात.

"काका, तो पाव फेका माझ्याकडे!"

रॉस्कोकाकांनी खरंच फेकला. दोन टेबलांच्या मधल्या वाटेत मी एक, दोन आणि ते जास्तीचं तिसरं पाऊल टाकून दाखवलं, आणि मग पाय थांबलाच नाही. पाव पंख्याला घासून काउंटरपलीकडे गेला.

"मैदान त्या तिकडे आहे!" लोर्ना आतून ओरडली. "इथे लोक खातात!"

कॅडीबाई टेबलावर हात आपटून हसत होत्या. "बस गं, बस पोरी!" खुर्ची मागे ओढलीसुद्धा त्यांनी. आणि मी, आनंदाने खुळी झालेली, बोलून गेले, "शनिवारी त्याच्या लाथेला आपला हात लागणार म्हणजे लागणार! आपणच जिंकणार!"

काउंटरवरच्या ट्रकवाल्याने टोपी काढली.

आमच्या गावात शनिवारच्या आधी 'जिंकणार' म्हणत नाहीत. कोणी म्हटलंच तर त्या टेबलावरच्या प्रत्येकाने ताबडतोब लाकडावर टकटक करायची. पण टेबल प्लास्टिकचं, खुर्च्या लोखंडी. "खांब!" रॉस्कोकाका ओरडले, आणि आम्ही चौघं रस्त्यापलीकडच्या विजेच्या लाकडी खांबाकडे धावत सुटलो. डॉक्टरांच्या गळ्यात रुमाल तसाच. खांबाला आठ हातांनी ठोकताना मला हसू आवरेना, आणि तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "हिला खुर्ची? हिला?"

कॅडीबाईंनी धापा टाकत निकाल दिला. "शनिवारी त्या किकरच्या लाथेला आपल्या पोरांचा हात लागला तर खुर्ची जोझीची. नाही लागला तर मेहुण्याची."

शनिवारी स्टँडमध्येही ते तिघं टेबलावरच्याच क्रमाने बसतात, चौथी जागा मोकळी ठेवून. मी दोन रांगा मागे. फाटक खरंच दमलं, क्वार्टरबॅकने डावीकडे पळत गवताला दोनदा चेंडू दिला. पण किकर आला की तीन पावलं टाकून आरामात उडवायचा. पहिली लाथ, दुसरी, तिसरी. प्रत्येक लाथेनंतर डॉक्टर मागे वळून बोटं दाखवायचे. चौथ्या वेळी आमचा सत्तावीस नंबर असा झेपावला की हात चेंडूपासून वीतभर लांब! लागला मात्र नाही.

सामन्याच्या शेवटच्या पाव भागात गवे वीस, सारस सतरा. गव्यांची चाल फसली आणि किकर पाचव्यांदा आला. सत्तावीस नंबरकडे बघत होता. चेंडू आला, घाईघाईत त्याने दोनच पावलं टाकायला घेतली, पाय पायात अडकला, चेंडू निसटला, आणि तो स्वतःच त्यावर पालथा पडला. चेंडू आमचा! त्यांच्या गोलापासून फक्त अठरा यार्डांवर!

मी बाकावर उभी राहून किंचाळले.

"हात लागला नाही!" डॉक्टर वळून ओरडले. "त्याचा तोच पडला!"

"का पडला पण?" मी खाली वाकले. "पाऊल वाचवायला गेला म्हणून! जास्तीचं पाऊल कोणी सांगितलं होतं?"

"करार हाताचा होता, पायाचा नाही!"

"भीतीचा हात लागला की त्याला," रॉस्कोकाका म्हणाले.

"बर्निस, नियम म्हणजे नियम!"

कॅडीबाई उठून मैदानाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "एल्डन, तू दात काढायला नुसती पक्कड दाखवलीस आणि पेशंटनेच तो उपटून हातात दिला, तर दात कोणी काढला?"

डॉक्टर विचारात पडले. खरंच पडले. तेवढ्यात आख्खा स्टँड असा गरजला की आमची बाकं हलली. बँड सुरू झाला, कोणाचं तरी पॉपकॉर्न आकाशात गेलं. ते तिघं मैदानाकडे पाठ करून उभे होते आणि मी त्यांच्याकडे वाकलेली.

"काय झालं? कोणी केलं?" रॉस्कोकाका पुढच्या माणसाला गदागदा हलवू लागले.

"टचडाउन! तुम्ही कुठे होतात?"

चेंडू गोलरेषेपार, सहा गुण, वर्षातलं सगळ्यात मोठं टचडाउन, आणि आमच्यापैकी एकानेही बघितलं नाही!

डॉक्टरांनी मोकळ्या जागेवरचं आपलं घोंगडं उचलून मांडीवर घेतलं. "ए पोरी, तिथे काय उभी राहिलीस? आता टचडाउनवरच्या जादा पॉइंटची लाथ आहे. तुझं खातं. ये आणि बघ नीट."

मी दोन रांगा ओलांडून उडी मारली.