रुग्ण काय म्हणतो

मेट्रनबाईंनी सिस्टरची वही टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. "खाजगी वह्या आजपासून बंद. छापील फॉर्म आलेत, तेच भरायचे."

संताप याचा, की फॉर्म सिस्टरच्याच वहीवरून उचलला होता. दर पाळीला तेच तेच लिहून तिचा हात भरून यायचा. म्हणून तिनं पदरमोड करून रबरी शिक्का बनवून घेतला होता: झोप, ताप, दुखणं, खाणं, औषध आणि शेवटी 'रुग्ण काय म्हणतो'. पानावर शिक्का मारायचा, पुढच्या जागा भरायच्या. दोन मिनिटांत अख्खा माणूस कागदावर यायचा. मेट्रनबाईंनी शेवटची ओळ तेवढी गाळली. म्हणाल्या, रुग्ण काय, दिवसभर काहीही बडबडतात.

सिस्टर आतल्या आत धुमसत राहिली, पण फॉर्म भरू लागली. समासात काही लिहिलं की तो परत यायचा. दोनदा आला, मग तिनं समास सोडून दिला.

तिसऱ्या आठवड्यात सात नंबरच्या खाटेवरच्या सुताराला आठवलं आणि त्यानं सिस्टरला सांगितलं, की मागे एका इंजेक्शननं त्याचा श्वास कोंडला होता. दाखल होताना त्याच्या ते ध्यानात नव्हतं. सिस्टरनं फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. जागा नव्हती. पाळी संपताना तिनं पुढच्या नर्सच्या कानावर घातलं. त्या नर्सकडे चौदा खाटा होत्या, ती विसरली. दुपारी तेच इंजेक्शन दिलं गेलं. संध्याकाळी सात नंबरची खाट रिकामी झाली, चादर बदलली गेली.

चौकशीत सिस्टरपुढे टाईप केलेला जबाब आला. रुग्णानं कोणतीही माहिती दिली नव्हती, असं त्यात होतं. खाली फक्त सही करायची होती. दाराबाहेर बाकावर सुताराची बायको बसली होती. मेट्रनबाई हळू आवाजात म्हणाल्या, की यात सगळ्यांचंच भलं आहे, सिस्टरचंही.

"माझं भलं तुम्ही बघू नका," सिस्टर म्हणाली. "तो बोलला होता. मी ऐकलं होतं. फॉर्म परत आला असता तरी लिहायला हवं होतं, ती चूक माझी. पण तो बोललाच नाही, असं मी लिहून देणार नाही."

तिनं जबाब उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर सुताराचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. मधे त्याला खोकला आला, तेसुद्धा. पान भरलं. तिनं मान वर न करता दुसरा कागद मागितला.