रंध्याखाली गेलेला डाग

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. स्वयंपाकघरात चिरायला घेतात ती. आता माझ्यावर कोणी काही चिरत नाही. वृद्धाश्रमाच्या मागच्या दारापाशी एका कुंडीखाली मी पडून आहे. कुंडीतलं पाणी दिवसभर माझ्यावर ठिबकतं. मला त्याची तक्रार नाही. माझ्या हातून जे झालं, त्यानंतर मला पुसून कोणी खुंटीला लावावं असं मलाच वाटत नाही.

एका मोठ्या दाराचं लाकूड कापताना उरलेल्या तुकड्यातून माझा जन्म झाला. सुताराने मला मूठ काढली, मुठीला भोक पाडलं आणि मी या स्वयंपाकघरात आले. एकोणीस वर्षं मी इथे काम केलं. तीस-पस्तीस म्हाताऱ्या माणसांचं जेवण रोज माझ्या पाठीवरून जात असे.

स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. नव्वदीचे आजोबासुद्धा मावशीच म्हणत. "तुमची मावशी म्हणजे माझं वय किती झालं हो," असं त्या म्हणत आणि त्यांना वाढत.

माझ्या एका बाजूवर काळा गोल डाग होता. पहिल्याच वर्षी कोणीतरी तापलेलं झाकण माझ्यावर ठेवलं होतं. मावशींना तेव्हा वाचता येत नव्हतं, पण त्या डागाचा त्यांनी नियम केला. डागाची बाजू कच्च्या कोंबडीची, कोरी बाजू फळांची. कोंबडी कापून झाली की मला घासायचं आणि डागाच्या बाजूवर उकळतं पाणी ओतायचं. हा नियम एकोणीस वर्षांत एकदाही मोडला नाही.

आश्रमात एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांना सगळे बाई म्हणत. दुपारी ओटा आवरला की बाई काठी टेकत यायच्या आणि मावशींना अक्षरं शिकवायच्या. माझ्या कोऱ्या बाजूवर मावशी चिमूटभर पीठ पसरत आणि बोटाने गिरवत.

"थरथरतो माझा हात, आणि हलतं तुमचं अक्षर," बाई म्हणायच्या.

"तुमचंच बघून गिरवते ना मी."

एकदा बाई म्हणाल्या, "आता येतंय तुम्हाला, तर फळीवरच लिहून टाका, कुठली बाजू कशाची ते."

"माझं असलं वाकडं अक्षर चारचौघांनी बघायचं? राहू द्या बाई. डाग आहे की."

मलाही तेव्हा तसंच वाटलं. डाग आहे की.

आश्रमात राहायला आलेल्या सुतारकाकांचा हात रिकामा बसत नसे. खुर्च्यांचे पाय झाले, खिडक्यांच्या कड्या झाल्या, मग त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या पाठीवर सुऱ्यांचे चरे पडले होते. त्यांनी मला उजेडात धरलं आणि नखाने चाचपलं.

"मावशी, हिच्या मुठीजवळ भेग आहे. दोन्ही बाजूंनी. भेगेत घाण बसते. जाळून टाका हिला, दुसरी आणा."

मावशींनी मला हातात घेतलं. "एकोणीस वर्षांची आहे हो. नाही का काही करता येणार?"

मित्रांनो, खरं सांगते. त्या क्षणी मी मनातल्या मनात म्हणत होते, नका टाकू मला. भेग किती खोल आहे हे मला माहीत होतं. तरी मी ते म्हणत होते.

सुतारकाका विरघळले. "बरं, रंधा मारून देतो. भेग नाही जायची, पण गुळगुळीत तरी होईल."

त्यांनी मला दोन्ही बाजूंनी तासलं. चरे गेले, वास गेला आणि डागही गेला. मी नव्यासारखी दिसू लागले. "नवरी दिसतेय," मावशी म्हणाल्या. मी हरखून गेले. डाग गेल्याचं तिघांपैकी कोणाच्याच मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर कोंबडी कापली. मग भांड्यांच्या गर्दीत मला घासलं. हौदात मी दोनदा उलटले. मावशींनी उकळतं पाणी आणलं आणि सवयीने डाग शोधला. त्यांनी मला फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग एका बाजूवर पाणी ओतलं. ती बाजू चुकीची होती. मला कळत होतं, पण मला तोंड नाही.

दुपारी माझ्या दुसऱ्या बाजूवर कलिंगड चिरलं. कवळी न लावणाऱ्यांचं ते आवडतं फळ. मुठीजवळच्या शेवटच्या फोडी बाईंच्या ताटलीत गेल्या.

दोन दिवसांत चौघांची पोटं बिघडली. तिघे सावरले. बाईंना मात्र ताप चढला, त्यांना पाणीही पचेना, आणि रुग्णालयाची गाडी येऊन त्यांना घेऊन गेली.

मग आरोग्य खात्याचे तपासनीस आले. ओट्याशी उभं राहून व्यवस्थापक म्हणाले, "कलिंगडच नासकं असणार, साहेब." सगळ्यांनी माना हलवल्या. मावशींनीही अर्धी मान हलवली. मग त्यांनी मला खुंटीवरून काढून तपासनीसांसमोर ठेवलं.

"कलिंगड चांगलं होतं, साहेब. मी चुकीच्या बाजूवर चिरलं."

दारात उभे असलेले सुतारकाका म्हणाले, "डाग मी घालवला. माझं नाव लिहा."

"रंधा तुमचा होता, पण डोळे माझे होते ना, काका."

तपासनीसांनी माझ्या भेगेत सुई घातली. ती बरीच आत गेली. सुईच्या टोकावर काळं, चिकट काहीतरी निघालं. नाव कोणाचंही लिहा, ते माझ्यात लपलं होतं.

त्याच दिवशी मला बाहेर काढलं. आत दोन नव्या फळ्या आल्या.

बाई पंधरा दिवसांनी परत आल्या, त्या चाकांच्या खुर्चीत. खिडकीतून मला ऐकू येत होतं. मावशींनी त्यांच्यापुढे कलिंगडाची ताटली ठेवली. बराच वेळ चमचा वाजला नाही.

"कुठल्या फळीवर चिरलंत?" बाईंनी विचारलं. आवाज खूप बारीक झाला होता.

मावशींनी फळी त्यांच्यासमोर धरली असणार, कारण बाई सावकाश वाचू लागल्या. "फळं." मग थोडं थांबून, "आणि दुसरीवर?"

"कच्चं मांस. रंगाने लिहिलंय, मुठीवर. अक्षर वाकडं आलंय बाई."

"येऊ द्या. वाचता येतंय."

मग चमचा वाजला.

मित्रांनो, मला माफ करा असं मी म्हणणार नाही. बाईंच्या हाताने आता पिठातही अक्षर उमटत नाही. एवढंच सांगते. जुन्या वस्तूवर जीव असेल तर तिला कुंडीखाली ठेवा, ताटाखाली नको. आणि जे तुम्हाला पाठ आहे, ते दुसऱ्याला दिसेल असं लिहून ठेवा. वाकडं आलं तरी चालेल.