मागे न येणारा सेनानू

आमच्या अनलोग्यात सेनानू आमेवूइतका वेगात पळणारा माणूस झाला नाही, आणि त्याच्यासारखा एकाच दिशेने पळणारा तर अख्ख्या घानात झाला नसेल. तो डाव्या बाजूने खेळायचा. पायात चेंडू आला की निघाला! समोरचे बचाववाले, त्यांचा गोलकीपर, गोलमागे चरणारी शेळी, सगळेच गोंधळून जायचे. पण एकदा का चेंडू दुसऱ्यानं काढून घेतला की सेनानू तिथेच कमरेवर हात ठेवून उभा. जणू आता पुढचं जे काय व्हायचं ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं कार्य आहे.

मी त्या संघाचा गोलकीपर होतो. नाव कोस्सी. सेनानूने मागे यावं आणि डावीकडून माझ्या अंगावर धावून येणाऱ्या माणसाला कुणीतरी अडवावं, एवढीच माझी देवाकडे मागणी असायची. देवाने बाकी पुष्कळ दिलं.

आमचे कोच होते तामाक्लो मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी आम्हाला फुटबॉल. कांद्याच्या वाफ्यांच्या पलीकडे आमचं मैदान, अर्धं गवत, अर्धी वाळू. मास्तर रेषेवर उभे राहून ओरडायचे, "सेनानू, मागे ये! अरे मागे ये!" वाफ्यांत पाणी घालणाऱ्या बायकांनाही ते पाठ झालं होतं. पोर रांगत उंबऱ्याबाहेर गेलं तरी त्या म्हणायच्या, "सेनानू, मागे ये!"

"मास्तर, मी मागे आलो तर पुढे कोण?" सेनानू विचारायचा.

"आणि तू पुढे राहिलास तर मागे कोण?"

"कोस्सी आहे की!"

म्हणजे मी.

पोरगं गुणी होतं, त्यामुळे पुढे गेलंच. आधी आक्रा, मग लोमे, मग आखाती देश. लोमेच्या संघाचा कोच फ्रेंचमधून ओरडायचा. सेनानूने सांगून टाकलं, आपल्याला फ्रेंच येत नाही. कोच हुशार. त्याने ओरडायला आमची इवे भाषा बोलणारा एक माणूस आणून उभा केला. तेव्हा सेनानूचं म्हणणं पडलं की या माणसाची इवे वेगळी आहे, अनलोग्याकडे असं बोलत नाहीत. ओमानमधल्या कोचने तर पाण्याच्या सगळ्या बाटल्या आपल्याच गोलपाशी ठेवल्या. त्या उन्हात तहान लागली की झक मारत मागे येईल, असा हिशेब. सेनानूने समोरच्या संघाच्या गोलकीपरशी दोस्ती केली आणि त्याचं पाणी प्यायला. पुढे त्या गोलकीपरच्या लग्नालाही जाऊन आला.

मग गुडघा गेला. दोनदा शस्त्रक्रिया झाली, आणि एका डिसेंबरात सेनानू घरी परतला. सोबत मस्कतला शिवलेला राखाडी सूट होता आणि आक्र्यातला कोचिंगचा कोर्स करायचा बेत. कोर्स झाला. तेव्हा आमच्या संघाची अध्यक्ष होती मादाम अब्ला. छोट्या लाल कांद्यांची सगळ्यात मोठी व्यापारीण. लोमेपासून आक्र्यापर्यंत तिचे कांदे जायचे, आणि तिच्यापुढे आवाज चढवायची हिंमत एकट्या समुद्राची. तिने सेनानूला बोलावलं.

"संघ तुझ्या हाती देते. पण मला वरच्या लीगमध्ये जायचंय. तुझ्यासारखे अकरा जण मला नकोत, आधीच सांगते."

"मादाम, माझ्या संघात सगळे मागे येतील," सेनानू गंभीरपणे म्हणाला.

मी शेजारीच बसलो होतो, कारण गोलकीपरांना शिकवायचं काम मला दिलं होतं. मला पाण्याचा ठसका लागला.

पण गंमत म्हणजे माणूस खरंच बदलला होता. आक्र्याच्या कोर्सात त्याला काही खायला घातलं होतं की काय, कोण जाणे. दिवसरात्र एकच जप, बचाव. पहाटे पोरांना समुद्राच्या ओल्या वाळूत पळवायचा, तेही उलटं. चेंडू गेला की अकराच्या अकरा जणांनी मागे पळायचं. जो येणार नाही, त्याने मैदानाला फेऱ्या मारायच्या. आणि हे सगळं सुटाचं जाकीट घालून. मी म्हटलं, "अरे, घामाने भिजलायस, काढ ते." तर म्हणाला, "कोस्सी, कोच दिसला पाहिजे. मास्तर चट्टेरी शर्ट घालायचे म्हणून आम्ही त्यांचं ऐकलं नाही."

तामाक्लो मास्तर आता निवृत्त झाले होते. रोज सरावाला प्लास्टिकची खुर्ची घेऊन यायचे, भाजके शेंगदाणे खात बसायचे, आणि सेनानू "मागे या!" म्हणून ओरडला की इतके हसायचे, इतके हसायचे की शेंगदाणा घशात अडकायचा. दोनदा मला त्यांची पाठ थोपटावी लागली.

संघ सुधारला, हे मात्र खरं. गोल कमी खायला लागलो. एकच दुखणं होतं, एतोर्नाम. डाव्या बाजूला खेळणारा, वाऱ्यासारखा पोरगा. चेंडू पायात असेपर्यंत सोनं. चेंडू गेला की कमरेवर हात.

"एतोर्नाम! मागे!" सेनानू गरजायचा.

"एफो, मी मागे आलो तर पुढे कोण?" पोरगा अगदी मोठ्या भावाशी बोलावं तसं आदराने विचारायचा.

खुर्चीवर मास्तर हसून लोळायचे बाकी राहायचे.

सेनानूने सगळे उपाय केले. फेऱ्या मारायला लावल्या, तर पोरगा मजेत पळायचा, पळायला त्याची ना नव्हतीच. संघाबाहेर बसवला, तर आम्ही हरलो. शेवटी त्याच्या आईला जाऊन भेटला. तिने अक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि भेंडीचं कालवण वाढलं, पोटभर खाऊ घातलं आणि म्हणाली, "सेनानू, घरीसुद्धा एकदा बाहेर पडला की परत यायचं नाव घेत नाही. तुलाच काही उपाय सापडला तर मला सांग."

तेव्हा सेनानू मास्तरांकडे गेला. मीही होतो सोबत.

"मास्तर, अशा पोराचं करायचं काय?"

"मला विचारतोस?" मास्तर म्हणाले. "मला उत्तर ठाऊक असतं तर तू इथे असतास का? तू डावा बचाववाला होऊन युरोपात नसतास गेला?"

त्या वर्षीचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता, अकात्सीच्या संघाशी. बरोबरी जरी झाली तरी आम्ही वरच्या लीगमध्ये जाणार. अख्खं गाव लोटलं होतं. ढोल, बिगुल, तळलेले मासे विकणाऱ्या बायका, सगळं होतं. मादाम अब्ला छत्रीखाली बसली होती. सेनानूने सुटाला इस्त्री करून घेतली होती आणि बूट असे चमकवले होते की त्यात भांग पाडावा.

पूर्वार्धात एतोर्नामने गोल केला. काय गोल होता तो! उत्तरार्धात अकात्सीने फेडला. कुठून, तर आमच्या डावीकडून, जिथे कुणीच नव्हतं. एक-एक. मग आमची पोरं दात-ओठ खाऊन बचावाला उभी राहिली आणि वेळ सरत आली. रेफरी घड्याळाकडे बघायला लागला. लोक नाचायच्या तयारीत.

आणि एतोर्नामला नक्षीकाम सुचलं. चेंडू घेऊन कोपऱ्यात शांत उभं राहायचं, तर याने एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तिसऱ्याने चेंडू काढून घेतला आणि लांब मारला. अकात्सीचा उजवा खेळाडू सुटला. पुढे मोकळं रान. आमचे सगळे दुसऱ्या अंगाला. एतोर्नाम कुठे? कमरेवर हात.

"मागे ये! अरे मागे ये!" सेनानू ओरडत रेषेच्या कडेने पळायला लागला. एतोर्नाम हलेना. सेनानू आणखी जोरात पळाला. मला वाटलं, ओरडायला सोयीचं व्हावं म्हणून पळतोय. पण अकात्सीचा माणूस आत वळला, आणि सेनानूही आत वळला. रेषा ओलांडली आणि थेट मैदानात! टाय खांद्यावरून मागे उडतोय, जाकिटाला वारा भरलाय, एक गुडघा निकामी, तरी असा पळाला की काय सांगू. त्या माणसाने पेनल्टी क्षेत्रात शिरून पाय उचलला, एवढ्यात सेनानूने जमिनीवर अंग झोकलं. वाळूचा लोट उठला. चेंडू अलगद निघून बाहेर गेला. समोरच्याच्या पायाला केसभरही धक्का नाही. इतका स्वच्छ टॅकल मी उभ्या जन्मात गोलमधून पाहिला नव्हता.

 वाळू खाली बसली. सेनानू पाठीवर पडला होता, पॅन्ट गुडघ्यापासून वरपर्यंत फाटलेली.

तेवढ्यात तामाक्लो मास्तर खुर्चीवर चढले, त्या वयात, आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "आला! मागे आला! लोकहो, सेनानू मागे आला!"

मग जो गदारोळ उठला! ढोल वाजायला लागले, बायका वाफ्यांतून उड्या मारत आल्या, सामना जिंकल्यासारखा जल्लोष. रेफरी बिचारा शेजारच्या केटा गावचा शाळामास्तर. त्याने शिट्टी वाजवली, लाल कार्ड काढलं आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. मादाम अब्ला छत्री उगारत मैदानात शिरली.

"पेनल्टी कसली? त्याने चेंडूच घेतला ना? पायाला लागला का? विचार त्या पोराला!"

अकात्सीचा पोरगा प्रामाणिक. "नाही लागला," तो म्हणाला.

"ऐकलंस?"

"मादाम," रेफरी रडकुंडीला येऊन म्हणाला, "लागो न लागो, तो कोच आहे!"

"असेना! अनलोग्याचाच आहे ना?"

पेनल्टी झाली, गोल झाला, आम्ही हरलो. अकात्सीची मंडळी टेम्पोत बसून गाणी म्हणत गेली. आमचं वर जाणं राहिलं.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक भरली. सेनानूला काढायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आता नवा कोच कोण, यावर अर्धा तास शांतता. मग कुणीतरी सुचवलं की अनुभवी माणूस हवा, हल्लीच मोकळा झालेला कुणी असेल तर उत्तम. अशा रीतीने सेनानूला त्याच बैठकीत पुन्हा नेमलं. वर लीगने सहा सामन्यांची बंदी घातली ती वेगळीच. मादाम अब्लाने मात्र त्याला एकट्याला गाठून सांगितलं, "हरवलंस म्हणून रागावलेय. पण पळालास छान."

सेनानू घरी खाटेवर पडून होता, गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. मी गरम पाण्याने शेकत होतो. तेव्हा एतोर्नाम आला. दारातच उभा.

"ये ना आत," सेनानू म्हणाला.

"एफो, बाजारात लोक मला काय म्हणतात माहितेय? एका पायाचा कोच पोचला, आणि दोन पायांचा बघत राहिला. आई जेवायला वाढत नाहीये." पोरगा जमिनीकडे बघत होता. "तुम्ही मला शिव्या द्यायच्या होत्या. असं कशाला केलंत?"

सेनानू कोपरावर रेलून जरा उठला. मग म्हणाला, "मी ठरवून नाही केलं रे. पाय आपोआप पळाले. मला इतकी वर्षं वाटायचं, मागे पळणं म्हणजे हमाली. काल त्या माणसाच्या मागे पळताना असं वाटलं, गोल करताना सुद्धा कधी वाटलं नव्हतं तसं." मग माझ्याकडे बघून जरा ओशाळला. "कोस्सी, तू बोलू नकोस."

मी पाणी मात्र जरा जास्त गरम ओतलं.

पुढच्या हंगामात एतोर्नाम मागे यायला लागला. आणि असा आला की पुढे जाईना. चेंडू आमच्या गोलपाशी, एतोर्नाम तिथेच. चेंडू त्यांच्या गोलपाशी, एतोर्नाम तरीही आमच्या गोलकीपरला टेकून उभा. बंदी असल्याने सेनानूला मैदानात यायची मनाई होती, म्हणून तो कुंपणापलीकडे मासे वाळत घालायच्या ओट्यावर उभा राहून बोंबलायचा, "पुढे जा! अरे आता पुढे जा!" चार-पाच सामने गेले, तेव्हा कुठे पोराला दोन्ही दिशा सापडल्या. मग आम्हाला अडवणारं कुणी उरलं नाही. त्या वर्षी वर गेलो, आणि मादाम अब्लाने दोन बोकड कापले.

जेवणं उरकल्यावर सेनानू आणि मी मास्तरांच्या अंगणात बसलो होतो. सेनानू लंगडत उठला आणि मास्तरांच्या पुढ्यात खाली बसला.

"मास्तर, एक विचारू? मी इतका छळ मांडला होता. तुम्ही मला संघातून काढून का नाही टाकलंत?"

मास्तर दात कोरत होते. "टाकलं होतं की," ते म्हणाले. "तीनदा टाकलं. तू कधी माझं ऐकलंस का? दुसऱ्या दिवशी बूट घालून हजर!"