भाड्याच्या घरातली चादर

"फेब्रुवारीतच सगळं सांगितलं होतं की," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही?"

"मला कुणी सांगितलं न्हाई, साहेब."

त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पसरलेला. तारीख अकरा फेब्रुवारी. खाली नातेवाइकाची सही होती, माझ्या मुलीची, पंचशीलाची. ती माझ्या शेजारीच उभी होती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. त्या दिवशी एप्रिलची नऊ तारीख होती. माझी बायको मालन आत खाटेवर झोपली होती. त्यानंतर ती बारा दिवस जगली.

त्या बारा दिवसांत मी काही विचारलं नाही. तिला पाणी पाजत होतो, पाय चेपत होतो. पण डोक्यात सारखं मांजरसुंब्याचं ते घर येत होतं.

मार्चमध्ये पंचशीला पुण्याहून पुन्हा आली आणि तिनं मांजरसुंब्याजवळ डोंगरावरचं एक घर भाड्यानं घेतलं. एक रात्र मुक्काम. आमच्या केजपासून तासाभराची वाट. मी म्हणालो, "इथं आपलं घर असताना दुसऱ्याच्या घरात कशाला झोपायचं? जायचंच तर समुद्रावर जाऊ."

"लांब नको, आण्णा. आईला गाडी लागती."

मी एकतीस वर्षं एसटी चालवली. मालन माझ्या गाडीत कितीदा बसली, तिला कधी गाडी लागली नव्हती. तरी मी मान डोलावली.

त्या घरात ती घटकाभर बसली नाही. चहा झाला की कप विसळले. न्हाणीतले केस उचलले. चपला दाराबाहेर ओळीनं लावल्या. तेवीस वर्षं ती एका सरकारी विश्रामगृहात सफाईला होती, हात थांबतच नव्हते.

"अगं, भाडं दिलंय," मी म्हणालो. "सफाईला बाई हाय इथं."

"बाई हाय म्हणूनच. लोक काय काय टाकून जातात ते मला इचारा. पलंगाखाली कोंबडीची हाडं, उशीखाली गुटख्याच्या पुड्या. माझ्यामागं कुण्या बाईला नाक दाबून झाडू मारायला लावणार न्हाई मी."

"मग तुला इथंच कामाला ठिवतो. पगार मी घेतो."

"घ्या की. जन्मभर दुसरं काय केलंत?"

पंचशीला लई हसली.

रात्री मायलेकी आतल्या पलंगावर झोपल्या, मी बाहेर दिवाणावर. सकाळी उठून मागं गेलो तर दोघी नळावर चादर पिळत होत्या. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. तिथली सफाईवाली, बबिता, पाण्याची बादली घेऊन उभी होती.

"हे काय चालवलंय?" मी म्हणालो. "आज निघायचं, आन् लोकाच्या चादरी धुतीस?"

"चहा सांडला, अवो."

"चहा झालाच कुठं अजून?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. बबिता खाली बघू लागली. मला वाटलं, बाहेरच्या बाईदेखत मला हसतात. मी भडकलो. "तुझा जन्म फडक्यातच जायचा. तुझ्यासंगं पुन्हा कुठं यायचं न्हाई मला."

मालननं चादर झटकून तारेवर टाकली. चारी कोपरे ओढून सरळ केले. मग आत जाऊन फरशी पुसायला लागली.

निघताना बबितानं किल्ली घेतली आणि मालनचा हात बराच वेळ धरून ठेवला. "मावशे, जपा," म्हणाली. घर स्वच्छ ठेवलं म्हणून बाई खूश झाली असेल, असं मी समजलो. गाडीत बसल्यावर तसं बोलूनही दाखवलं.

मालनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी पंचशीला बॅग भरत होती. मी विचारलं, "त्या चादरीला काय लागलं होतं?"

तिनं हातातले कपडे खाली ठेवले. "रक्त."

"बबिताला माहीत होतं?"

"तिनं बघितलं, मग आईनं सांगितलं तिला."

"म्हंजे ज्या बाईचं आडनाव आपल्याला माहीत न्हाई, तिला सांगितलं. मला न्हाई."

"आईनं वचन घेतलतं माझ्याकडून. ती म्हणली, त्यांना कळलं तर मला आजाऱ्यासारखं बसवून ठिवतील. मला दोन दिवस त्यांच्यासंगं नेहमीसारखं भांडायचंय."

"आन् मी भांडलो."

"हां."

"तिला पाहिजे ते मिळालं. मला काय पाहिजे होतं, ते इचारलं का तुमी कुणी?"

ती रडायला लागली. ती रडली आणि मी जवळ घेतलं नाही, असं आधी कधी झालं नव्हतं. पाणीही दिलं नाही. समोर बसून राहिलो.

स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून ती मागं वळली. "आण्णा, माझं चुकलं का?"

मी तिची बॅग वर चढवली. कंडक्टर ओळखीचा होता. त्याला म्हणालो, पोरीला खिडकीची जागा दे.

आता ऑगस्ट आहे. ती रोज संध्याकाळी फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, विचारते. मी हो म्हणतो. स्टँडवर तिनं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.