हट्टी सहकाऱ्याचं उदाहरण

रविवारी सकाळी साडेदहाला वहिनीची मुलाखत सुरू झाली, घरातल्याच जेवणाच्या टेबलावर. खरी मुलाखत मंगळवारी होती, हिशेबतपासणीपासून सल्लामसलतीपर्यंत सगळं करणाऱ्या एका बड्या कंपनीत. वहिनी जिथे हिशेब पाहायची ते छोटं ऑफिस महिनाअखेरीस बंद होणार होतं, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला दुसऱ्या कुठूनही साधं उत्तरसुद्धा आलं नव्हतं.

परीक्षक म्हणून धाकटी नणंद आली होती. ती वकील. शेजारी वहिनीचा नवरा बसला होता. त्याने तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, आणि एरवी ते त्याला जमायचं.

"बसा," नणंद म्हणाली.

"बसलेच आहे की."

"विचारल्याशिवाय बोलू नका. सहकाऱ्याशी झालेला एखादा मतभेद सांगा. कसा सोडवलात?"

हा प्रश्न तिथे हमखास येतो असं वहिनीने ऐकलं होतं. उत्तर आठवडाभर घोटून तयार होतं. परीक्षा घ्यायला कोण बसणार आहे, एवढंच तिने लक्षात घेतलं नव्हतं.

"माझ्या एक अत्यंत हट्टी सहकारी होत्या," तिने सुरुवात केली. "एका ज्येष्ठ ग्राहक बाईंना वरच्या मजल्यावरून खाली हलवायचं होतं. सहकारी ऐकेनात. मग मी सुताराला बोलावून त्यांच्यासमोर जिन्याचा विषय काढायला लावला. दोन दिवसांनी त्यांनीच खालची खोली सुचवली. मी म्हटलं, वा, काय सुचलं तुम्हाला."

नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"या ग्राहक बाईंचे गुडघे दुखायचे का?" नणंदेने विचारलं.

"दुखत असतील."

"आणि खाली आल्यावर पडदे निळेच हवेत म्हणून अडून बसल्या?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे वहिनीला आता उमगलं.

"आईला खाली आणायचं मला सुचलं होतं, वहिनी. तीन वर्षं मी सगळ्या नात्यात सांगतेय."

"सांगतेस की. आम्ही कधी अडवलं का तुला?" नवरा म्हणाला, आणि गप्प बसायचं ठरलं होतं हे त्याला उशिरा आठवलं.

"म्हणजे दादा, तूसुद्धा."

नणंद उठून स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा पेला धुतला, पुन्हा धुतला. वहिनी मागोमाग गेली.

"मी दुसरं उदाहरण देईन."

"आहे का दुसरं?"

नव्हतं. ऑफिसात माणसं तीन, तिघंही भांडणाला भिणारी.

"मग हेच सांग," नणंद म्हणाली. "पण 'अत्यंत हट्टी' काढ. 'ठाम' म्हण. आणि त्यांनी विचारलं, त्या सहकारी बाईंना नंतर कळलं का, तर?"

"कळलं म्हणेन."

"मग त्यांनी काय केलं?"

"ते तूच सांग."

नणंदेने पेला पालथा घातला. "चल, पहिल्यापासून. आणि पाठ ताठ ठेव. ऐकून घ्यायला आल्यासारखी बसतेस."

मंगळवारी तो प्रश्न आला. वहिनीने 'ठाम' म्हटलं. समोरच्या तिघांपैकी मधल्या बाई हसल्या, कडेच्या गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतलं. शुक्रवारी कंपनीने कळवलं, दोन उमेदवार उरले आहेत, त्यांत वहिनी आहे. निर्णय कधी, ते कळवलेलं नाही.