दोन हात सरकलेला दगड

"काय रे दगडा, तू पावसाळ्यात चालतोस का?"

सोनीने मला हे विचारले आणि बांधावरच्या तिच्या मैत्रिणी खो खो हसल्या. दगडाला हे विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती. गावात बोलले जाई, की कुशाबाचा दगड पाय फुटून भावाच्या खाचरात शिरलाय. कुशाबा म्हणजे सोनीचा बाप. ती मात्र हसली नाही.

मित्रांनो, मी मुळशीच्या भातखाचरांमधला एक जुना मेरेचा दगड आहे. मेर म्हणजे दोन शेतांची हद्द. आज मी माझ्या खऱ्या जागी उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो, उगाच जिवाला घोर नको! सोनीच्या पणज्याने मला ओढ्यातून आणले, खड्ड्यात कोळसे टाकले आणि वर मला रोवले. कोळसा मातीत कुजत नाही. दगड हलला तरी तो खरी जागा सांगतो. मग काय थाट होता माझा! बायका माझ्यावर विळे परजत. दिवाळीला मला शेंदूर मिळे. कुशाबा आणि त्याचा धाकटा भाऊ बहिरू दोन बाजूंनी मला टेकून भाकरी खात.

सत्तावन्न सालच्या आषाढात बांध फुटला. भर पावसात कुशाबाने तो घाईघाईने घातला आणि मला दोन हात पलीकडे, बहिरूच्या हद्दीत रोवले. लबाडी नव्हती हो, नुसती चूक. पाणी ओसरल्यावर त्याला ती दिसलीसुद्धा. पण तोवर बहिरू त्याला चावडीपुढे चोर म्हणाला होता. मग कुशाबा हट्टाला पेटला आणि चूक कबूल करेना. दोन वर्षे माझ्याकडे कोणी फिरकले नाही. शेवटी बहिरूने निरोप धाडला, सोमवारी शेताच्या मातीचे ढेकूळ डोक्यावर घे आणि गावासमोर शपथेवर खरी मेर चालून दाखव. कुशाबा चक्क हो म्हणाला. खोट्या शपथेला!

पैजेच्या दुसऱ्या दिवशी सोनी खुरपे घेऊन आली. घरात थोरल्यालाच ठाऊक असलेली कोळशांची गोष्ट तिला बापानेच लहानपणी सांगितली होती. तिने अलीकडे, आपल्याच खाचरात उकरले, तर दोन हातांवर काळेभोर कोळसे. ती ओरडत गावाकडे पळणार, तेवढ्यात शाळेच्या एस्तेरबाई वाटेने आल्या. बाई ख्रिस्ती. त्यांनी तिला बांधावर बसवले. त्यांच्या शास्त्रात सांगितलेय म्हणे, आपल्या माणसाचा दोष दिसला तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगावा, आणि मऊ शब्दांत, म्हणजे राग खाली बसतो. "बापाचा मान राखायचा, सोनी," बाई म्हणाल्या, "पण खोट्याला साथ द्यायची नाही."

रविवारी सोनीने कुशाबाला एकट्यालाच इथे आणले आणि कोळसे दाखवले. "आबा, मी कुनाला बोलले न्हाई. आदी तुमास्नीच."

मला वाटले, आता हात उगारणार. पण तो मटकन माझ्यावर बसला. "लई जड झालं व्हतं गं," एवढेच म्हणाला, आणि त्याचा श्वास असा सुटला की मीच हलका झालो.

मित्रांनो, चूक ओली असतानाच बोलून टाका. वाळली की पहार लागते.

न्याहारी घेऊन आलेल्या गोजराबाईने, सोनीच्या आईने, सगळे ऐकले. ती म्हणाली, आत्ताच उचला आणि हितं रोवा, कुनाला कळायचं न्हाई. कुशाबाने पहार घेतलीसुद्धा.

सोनी माझ्यापुढे आडवी उभी राहिली. "गुपचूप हलवला तर मंग खरंच चोर ठरताल, आबा. आये, मी काकाला बोलवाया निघाले. त्यो येईस्तवर दगडाला हात लावायचा न्हाई." कुशाबाने पहार खाली ठेवली.